येते म्हणजे जाते का?

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

फ्रिजवर लावलेली तुझी चिठ्ठी वाचली. आपलं ठरलंच आहे, प्रश्न मराठीत लिहून आला की उत्तरही मराठीत, आणि तेही लिहूनच. तू लिहिलं आहेस : “बाबा आजीला माहीत होत आपण जातोय. मग मी येते का म्हणायच? ते खोट आहे.” बाकीचे अनुस्वार आपण रविवारी बघू, पण ‘खोट’वर टिंब आजच दे. खोट म्हणजे उणीव आणि खोटं म्हणजे खरं नसलेलं. तुला दुसरं म्हणायचं आहे ना?

चिपळूणहून निघालो ती सकाळ मला नीट आठवते. गाडी अंगणात उभी होती, बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या. आजीनं तुझ्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं, तू ते चाटलंस आणि सँडल अडकवता अडकवता म्हणालीस, “आजी, मी जाते.” आजी लगेच म्हणाली, “जाते नाही गो बाय, येते म्हण.” तू ‘येते’ म्हणालीस खरी, पण वाशिष्ठीचा पूल मागे पडेपर्यंत गप्प होतीस. मग विचारलंस, आणि मी सांगितलं की तसंच म्हणतात. ते उत्तर नव्हतं. म्हणून हे पत्र.

आधी सरळ गोष्ट. ‘येते’ हे अर्धं वाक्य आहे. पूर्ण वाक्य ‘जाऊन येते’. उंबरठ्यावर उभं राहिलं की पहिला अर्धा भाग सांगायची गरजच नसते. बॅग हातात आहे, पायात सँडल आहेत, गाडी सुरू झाली आहे. माणूस जातंय हे शेजारच्या कुत्र्यालासुद्धा कळतं. जे डोळ्यांना दिसत नाही तेवढंच तोंडानं सांगायचं उरतं, ते म्हणजे परत येणार. म्हणून आपण तेवढंच सांगतो.

तू शाळेत जपानी शिकतेस. घरातून निघताना जपानी मुलं ‘इत्तेकिमासु’ म्हणतात, हे तूच मला सांगितलंस. त्याचा अर्थ काय? जाऊन येते. आणि घरातली माणसं म्हणतात ‘इत्तेराश्शाई’, म्हणजे जाऊन ये. समोरच्या घरातल्या तुझ्या तमिळ मैत्रिणीला निघताना ऐक, ती ‘पोयिट्टु वरेन’ म्हणते. तेही जाऊन येते. कन्नड माणूस ‘होगि बर्तीनि’ म्हणतो, तेही तेच. बंगाली माणूस आपल्यासारखं नुसतं ‘आशि’ म्हणतो, येतो. गुजराती घरात तर पाहुण्याला निरोप देताना यजमानच ‘आवजो’ म्हणतात, या. म्हणजे बघ, इतक्या घरांच्या उंबऱ्यावर इतक्या आज्या उभ्या आहेत आणि सगळ्याजणी नातवंडांचं एकच वाक्य दुरुस्त करताहेत.

पण मराठीत ‘जाते’ला एवढं का टाळतात, हे अजून सांगायचं आहे. आपल्याकडे माणूस मरण पावला की ‘तो गेला’ म्हणतात. नुसतं ‘गेला’. कुठे गेला ते जोडत नाहीत. ‘शाळेत गेला’, ‘बाजारात गेला’ यात काही वावगं नाही. तू ‘शाळेत जाते’ म्हणालीस तर आजी कधीच टोकणार नाही. उंबरठ्यावर उभं राहून, पुढे काही न जोडता, मोकळं ‘जाते’ म्हटलं की तिच्या कानाला ते टोचतं. तुकोबांनी ‘आम्ही जातो आपुल्या गावा’ म्हटलं ते मुद्दाम म्हटलं, कारण त्यांना परत यायचं नव्हतं. आणि दुसरा एक माणूस ‘जातो’ म्हणतो, तो म्हणजे रागावलेला. ‘जातो मी!’ म्हणून दार आपटतो. बहुतेक वेळा संध्याकाळी जेवायला तोही परत येतो.

तुला असे शब्द आणखी सांगतो, कारण यात मला फार गंमत वाटते. आपल्या भाषेत काही गोष्टी फुटत नाहीत, तुटत नाहीत, विझत नाहीत. त्या वाढतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. देवाजवळचा दिवा विझला असं म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. आणि बांगडी फुटली की ती वाढली. तू पाच वर्षांची असताना व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली होती, “अगो, माझी हिरवी बांगडी वाढली.” तू स्क्रीनला नाक लावून म्हणालीस, “दाखव ना, केवढी मोठी झाली?” आजी इतकी हसली की फोन तिच्या हातातून तांदळाच्या डब्यात पडला. त्या दिवसापासून आपल्या घरात काहीही फुटलं की ते मोठं झालं. मागच्या आठवड्यात आईचा निळा कप मोठा झाला तसा.

कोकणात रात्री साप म्हणत नाहीत, हे तर तू स्वतः ऐकलंस. मागच्या परड्यात काहीतरी सळसळलं तेव्हा भाऊकाका म्हणाले, “जनावर असेल, बॅटरी घेऊन ये.” तुला वाटलं वाघ आला. सापाला जनावर म्हणायचं, लांबडं म्हणायचं, आणि तो कुणाला चावला तर ‘पान लागलं’ म्हणायचं. पूर्वी गावात वीज नव्हती, दवाखाना लांब, रस्ता पावसात वाहून जायचा. ज्या गोष्टीवर उपाय नव्हता तिचं नाव तरी घरात घ्यायचं नाही, एवढंच माणसाच्या हातात होतं. यात मी भित्रेपणा बघत नाही. लहान मुलं जवळ झोपलेली असताना मोठी माणसं आवाज खाली आणतात, तसं ते आहे.

निघणाऱ्या माणसाला ‘कुठे चाललास?’ असंही विचारत नाहीत. आपल्या गाडीजवळ येऊन भाऊकाकांनी काय विचारलं आठव : “काय, लांबवर का?” त्यांना चांगलं माहीत होतं की आपण ऑस्ट्रेलियाला चाललोय, सगळ्या वाडीला माहीत होतं. तरी ‘कुठे’ हा शब्द त्यांनी वाटेत येऊ दिला नाही. निघालेल्या माणसाला पाठीमागून हाकही मारत नाहीत. म्हणून तर तुझी टोपी ओटीवर राहिली तेव्हा ओरडून न सांगता मंदाताई ती घेऊन गाडीपुढे पळत आली.

आणि दही. ते फक्त तुझ्यासाठी नव्हतं. गणपतीत तू आजीकडे असतीस तर दिसलं असतं, विसर्जनाला नेण्याआधी गणपतीच्याही हातावर दही ठेवतात. बरोबर वाटेत खायला शिदोरी देतात. आरती म्हणतात, मूर्ती जागेवरून जराशी हलवतात, आणि मग सगळं घर ओरडतं, “पुढच्या वर्षी लवकर या!” गणपतीलासुद्धा कुणी ‘जा’ म्हणत नाही. नदीवरून परतताना पाट रिकामा आणत नाहीत, त्यावर तिथली थोडी वाळू घेऊन येतात. लहानपणी तो पाट डोक्यावर घेऊन यायचं काम माझ्याकडे असायचं. पाट हलका झालेला असायचा आणि त्यावर मूठभर ओली वाळू. ती वाळू सांडू नये म्हणून मी मान ताठ धरून चालायचो. तेव्हा मला वाटायचं, देवानं आपल्याकडे काहीतरी ठेवायला दिलंय आणि ते न्यायला तो येणारच. अजूनही तसंच वाटतं.

आता तुला न दिसलेली गोष्ट सांगतो. आपण निघाल्यावर आजी केर काढत नाही. घरातलं माणूस बाहेर पडल्यावर लगेच केरसुणी हातात घ्यायची नाही, असा नेम आहे, कारण घरातून कायमचा निरोप दिल्यावर घर झाडतात. मी कॉलेजला मुंबईला जायचो तेव्हा एसटी सुटून तास-दोन तास झाले की आजी झाडायची. आता आपण कॅनबेराला येतो तेव्हा तिचा नेम लांबला आहे. चिपळूण ते मुंबई गाडी, मुंबई ते सिंगापूर, सिंगापूर ते सिडनी विमान, आणि सिडनीहून साडेतीन तास बस. मधले थांबे धरून जवळजवळ दीड दिवस. मुंबईला पोचलो की फोन, सिंगापूरला उतरलो की फोन, सिडनीला फोन, आणि शेवटी घराचं कुलूप उघडल्यावर फोन. तो शेवटचा फोन ठेवला की मगच आजी केरसुणी घेते. मंदाताईनं मला गुपचूप सांगितलंय की त्या दीड दिवसात तुझे चॉकलेटचे कागद ओटीच्या कोपऱ्यात तसेच पडलेले असतात आणि आजी त्यांना हात लावू देत नाही.

यावरून मला टिडबिनबिलाची बातमी आठवली. तीच तुला खरी सांगायची होती.

टिडबिनबिलाला आपण मागच्या शनिवारी गेलो होतो. आपल्या घरापासून तासाभरात गाडी दरीत उतरते, कांगारू रस्त्याकडेला बसलेले असतात, आणि मोबाइल बंद करा म्हणून पाटी दिसते, कारण तिथे आकाशातलं फार बारीक ऐकत बसलेले कान आहेत, म्हणजे लांब गेलेल्या यानांशी बोलणाऱ्या थाळीसारख्या अँटेना. त्यातला सर्वांत मोठा पांढरा कान तुला आवडला. तो ७० मीटर रुंद आहे. आधी ६४ मीटरचा होता. व्हॉयेजर २ हे यान नेपच्यूनजवळ पोचणार होतं, तिथून त्याचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून १९८७ साली त्याला रुंद केलं. लेकरू लांब गेलं म्हणून आईनं कान मोठा करून घ्यावा, तसं. १९८९च्या ऑगस्टमध्ये यान नेपच्यूनजवळून गेलं आणि पुढे निघून गेलं. ते आपल्या आकाशाच्या दक्षिणेकडे गेलंय, त्यामुळे आज त्याला काही सांगायचं असेल तर पृथ्वीवरून फक्त इथूनच, या एका कानातून सांगता येतं. आपल्या गावाजवळून!

तर २०२३च्या जुलैमध्ये, तू पहिलीत होतीस तेव्हा, त्या यानाला एक चुकीची आज्ञा गेली. त्यामुळे त्याची अँटेना पृथ्वीकडून फक्त दोन अंशांनी बाजूला वळली. दोन अंश म्हणजे किती? तू मान वळवलीस असं मला वाटणारही नाही, एवढं. पण ते यान तेव्हा जवळजवळ दोन हजार कोटी किलोमीटर लांब होतं, आणि एवढ्या अंतरावर दोन अंश पुरे झाले. त्याचं बोलणं आपल्यापर्यंत येईना, आपलं त्याला ऐकू जाईना. मग सगळ्या मोठ्या कानांनी मिळून कान लावले तेव्हा अगदी क्षीण असा त्याचा नुसता ठोका ऐकू आला. बोलणं नाही, फक्त ‘आहे’ एवढंच. मग आपल्या टिडबिनबिलाच्या थाळीनं पूर्ण जोर लावून हाक मारली : पृथ्वीकडे तोंड कर.

हाक प्रकाशाच्या वेगानं गेली तरी पोचायला साडेअठरा तास. त्यानं ऐकलं की नाही हे कळायला परत साडेअठरा तास. एकूण ३७ तास नुसती वाट बघायची. सई, ३७ तास म्हणजे चिपळूणच्या अंगणातून आपल्या दारापर्यंतचा प्रवास. तेवढा वेळ इथले सगळे शास्त्रज्ञ आजी झाले होते. ४ ऑगस्टला यानाचं बोलणं पुन्हा सुरू झालं. ती बातमी मी आजीला फोनवर वाचून दाखवली होती. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आता नीट पोचतोय ना त्याचा फोन?” मी हो म्हटल्यावर म्हणाली, “बरं झालं हो.” तिला ते यान कुणाचं, कुठल्या देशाचं, हे विचारावंसं वाटलं नाही. कुणाचं तरी लांब गेलेलं आहे, एवढं तिला पुरलं.

त्या यानावर आणि त्याच्या जोडीदारावर, व्हॉयेजर १वर, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. दोन्ही यानं १९७७ साली सुटली, एक २० ऑगस्टला, दुसरं ५ सप्टेंबरला. वाटेत कुणी भेटलंच तर त्यांच्यासाठी तबकडीत ५५ भाषांमधले नमस्कार भरून दिले आहेत. त्यात मराठी आहे. एक बाई स्वच्छ आवाजात ‘नमस्कार’ म्हणते आणि पृथ्वीवरच्या लोकांचे शुभविचार सांगते. तुला मी ते ऐकवीन. पहिला शब्द ऐकलास की तुला घरातलंच कुणीतरी बोलतंय असं वाटेल.

तबकडीत गाणंही आहे, आपल्या देशातलं एकच, साडेतीन मिनिटांचं. ते गायल्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरी गावच्या. राग भैरवी. मैफल संपताना आपल्याकडे भैरवी गातात, म्हणजे निरोपाचा राग. आणि गाण्याचे शब्द आहेत ‘जात कहाँ हो’, म्हणजे कुठे चाललीस? भाऊकाकांनी जे विचारायचं टाळलं, नेमकं तेच! निघालेल्या यानाला पृथ्वीनं विचारलेला प्रश्न त्या यानाबरोबरच चालला आहे. तबकडी निवडणाऱ्यांनी हे सगळं मनात धरून निवडलं असेल असं मी म्हणत नाही. पण भैरवी आणि ‘कुठे चाललीस’ हे शब्द एकत्र जावेत, याचा मला प्रत्येक वेळी ऐकताना काटा येतो. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ला वारल्या. दुसरं यान सुटून अकरा दिवस झाले होते. त्यांचा आवाज अजून लांब लांब चालला आहे.

आता तू विचारशील, ते यान तर परत येणार नाही, मग त्यानं ‘येतो’ म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं ना? हो, तुझं बरोबर आहे, ते परत यायचं नाही. पण ‘येतो’ नुसतं परत यायच्या तारखेबद्दल नसतं, असं मला वाटतं. हे मला आजीनंच दाखवलं, ती इथे राहायला आली होती तेव्हा.

तू तेव्हा तीन वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. आजी तीन महिने राहिली. शेजारच्या आजींची आणि तिची मैत्री झाली. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. कुंपणावरून लिंबं इकडून तिकडे जायची, कोथिंबीर तिकडून इकडे यायची. निघायच्या दिवशी आजीनं आपलं घर फिरून बघितलं. गॅसच्या ओट्यावर हात ठेवून हळूच ‘येते’ म्हणाली. तुळशीला म्हणाली. मग कुंपणाशी गेली, शेजारच्या आजींचा हात हातात घेऊन म्हणाली, “येते हं.” त्या म्हणाल्या, “सी या लेटर.” इथे तसंच म्हणतात, दुकानदारसुद्धा म्हणतो, तू रोजच ऐकतेस. दोघींनाही ठाऊक होतं की आजीचे गुडघे आता एवढा प्रवास पुन्हा करायचे नाहीत. कुणीच कुणाला फसवत नव्हतं. आजी गेल्यावरही शेजारच्या आजी दर हिवाळ्यात लिंबं आणून देतात आणि ‘फॉर मम’ म्हणतात. मी लिंबांचा फोटो काढून चिपळूणला पाठवतो. मग आजी विचारते, “त्यांचं गुडघ्याचं कसं आहे?” आजी तिथून पूर्ण गेलेलीच नाही.

आणि तू एक गोष्ट विसरलीस. तू ‘येते’ म्हणालीस त्यावर आजी काहीतरी म्हणाली होती. आठवतंय? ती ‘ये’ म्हणाली. त्या दोन शब्दांची जोडी आहे. ‘येते’ म्हणणारं माणूस नुसतं सांगत नसतं, विचारतही असतं : मी परत आले तर दार उघडशील ना? आणि घरातलं माणूस ‘ये’ म्हणून उघडतं. तेवढं झालं की मग पाय बाहेर पडतो. आजीला तुझ्याकडून ते विचारून घ्यायचं होतं. तू ‘जाते’ म्हणाली असतीस तर तिला ‘ये’ म्हणायला जागाच उरली नसती.

मी उद्या पहाटे दोन दिवसांसाठी मेलबर्नला निघतोय. तू झोपेत असशील, म्हणून इथेच लिहून ठेवतो : येतो. तू उठलीस की चिठ्ठीवर खाली ‘ये’ लिही.

आजीला रविवारी फोन करशील तेव्हा चॉकलेटच्या कागदांचं विचार, पण मी सांगितलं असं सांगू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. – आईला सांग, मी बाहेर पडल्यावर लगेच व्हॅक्यूम लावू नका. विमान तासाभराचंच आहे. उतरलो की फोन करतो, मग खुशाल लावा.